"थांब, आलेच" असे म्हणता म्हणता : घरातल्या लहानांशी खेळण्यासाठी वेळ कसा राखावा?

नमस्कार.

माझ्या भावाचे कुटुंब आणि मी एकाच इमारतीत वरच्या-खालच्या मजल्यांवर राहतो. भाचा साडेचार वर्षांचा आहे आणि भाची दहा वर्षांची. मी बहुतेक दिवस घरूनच काम करते, त्यामुळे शाळेतून आल्यावर दोघांचाही मुक्काम माझ्याकडे असतो. म्हणजे रोजचे तीन-चार तास आम्ही एकाच खोलीत असतो, आणि तरीही त्या तासांत मी त्यांच्याशी खेळते असे म्हणण्यासारखी वेळ फार क्वचित येते.

भाच्याची एक रीत होती. खेळण्यातल्या दोन गाड्या घेऊन तो माझ्या खुर्चीशेजारी यायचा, त्यातली एक माझ्या टेबलावर ठेवायचा आणि काही न बोलता वाट पाहायचा. मी म्हणायची, "थांब, आलेच." ते टाळण्यासाठी म्हणत नव्हते, हातातले एवढे संपले की उठायचेच, असे त्या क्षणी मला खरोखर वाटत असे. पण कामाला काम लागून येते, अर्धा तास उलटतो, आणि मान वर करावी तर गाडी तिथेच असते आणि तो दुसरीकडे गेलेला असतो.

मागच्या आठवड्यात भाचीला पुठ्ठा कापण्यासाठी मदत हवी होती. ती माझ्याकडे वळली तेव्हा भाचा तिला म्हणाला, "आत्याला विचारू नको, तिला काम असतं." त्याच्या बोलण्यात रुसवा नव्हता की तक्रार नव्हती. बाहेर पाऊस आहे, छत्री घे, असे सांगावे तितक्या सहजपणे त्याने ते सांगितले. तो रुसला असता तर मी त्याची समजूत घातली असती. पण त्याने ही गोष्ट माझा स्वभाव म्हणून स्वीकारून टाकली होती, आणि टेबलावर गाडी ठेवणे त्याने त्याआधीच कधीतरी बंद केले होते, जे माझ्या लक्षातही आले नव्हते. तेव्हापासून हे मनातून जात नाही.

मला काही गोष्टी मनापासून समजून घ्यायच्या आहेत. रोज किती वेळ दिला म्हणजे मुलाला आपण त्याच्याशी खेळतो असे वाटते? दमलेल्या अवस्थेत खेळावे, की त्यापेक्षा न खेळलेले बरे? आणि खरे सांगायचे तर, गाड्या पुढे-मागे ढकलण्यात माझे मन दहा मिनिटांपेक्षा जास्त रमत नाही. त्याचे काय करावे? आपापल्या घरातल्या भाचरांशी, पुतण्यांशी, नातवंडांशी, धाकट्या भावंडांशी तुम्ही हे कसे जुळवले आहे, ते सविस्तर लिहिलेत तर फार बरे वाटेल.

प्रतिसाद १ : एक आजोबा

ताई, तुमचे शेवटचे वाक्य प्रामाणिक आहे आणि बहुतेक मोठी माणसे ते बोलून दाखवत नाहीत, म्हणून प्रथम त्याबद्दल धन्यवाद.

माझे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत. नात तीन वर्षांची असताना तिला घोडा हवा असे आणि मला घोडा होता येत नसे, याचे मला फार वाईट वाटायचे. मग एके दुपारी मी पलंगावर आडवा झालो होतो आणि तिने येऊन माझे पोट दाबून पाहिले. मी कण्हलो. त्या दिवसापासून ती डॉक्टर आहे आणि मी रुग्ण. ती मला इंजेक्शन देते, पाय बांधून ठेवते, "हलायचं नाही" असे बजावते, बाहेरच्या खोलीत जाऊन औषध घेऊन येते. मला अधूनमधून कण्हावे लागते, औषध कडू लागावे लागते आणि एकदम बरे व्हायचे नसते, एवढेच माझे काम. वर्षभर हा खेळ चालला आहे.

सांगायचे ते असे की दमलेल्या माणसाला दमलेल्या माणसाची भूमिका मिळू शकते. झोपलेला राक्षस, वादळात अडकलेले जहाज, दुकानात येऊन खुर्चीवर बसून राहणारे गिऱ्हाईक, या सर्व भूमिका आडव्या किंवा बसलेल्या माणसाला झेपतात. मात्र त्या भूमिकेत मनाने हजर राहावे लागते. डोळे मिटून खरेच झोप लागली तर नात ओळखते.

प्रतिसाद २ : पालकांसोबत काम करणारी एक शिक्षिका

धागा वाचून मला माझ्या वर्गातले कितीतरी पालक आठवले. तुम्ही "किती वेळ" हा प्रश्न विचारला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

लहान मुलांच्या वर्तनाच्या अडचणींसाठी पालक आणि मूल यांना एकत्र घेऊन केल्या जाणाऱ्या उपचाराची एक पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी ती १९७०च्या दशकात विकसित केली. साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या या पद्धतीत पालकांना घरी करण्यासाठी दिलेला अभ्यास म्हणजे रोज पाच मिनिटे मुलाशी खेळणे. तासभर नव्हे, पाचच मिनिटे. पण ती रोज, आणि पूर्णपणे मुलाच्या पुढाकाराने. अडचणीत असलेल्या घरांनाही पाच मिनिटेच सांगितली जातात, ही गोष्ट मला नेहमी दिलासा देते.

आता त्या पाच मिनिटांत काय करायचे नसते, ते ऐकण्यासारखे आहे. सूचना द्यायच्या नाहीत, चुका काढायच्या नाहीत, आणि प्रश्न विचारायचे नाहीत. पहिल्या दोन गोष्टी पालकांना लगेच पटतात. तिसरी ऐकली की ते थबकतात. आपल्याला वाटते की "हा रंग कोणता?", "ही गाडी कुठे चालली?", "आता आपण पूल बांधू या का?" हे प्रेमाचे बोलणे आहे. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर प्रत्येक प्रश्नाबरोबर खेळाची सूत्रे आपल्या हातात येतात आणि त्याला उत्तर देण्यासाठी खेळ थांबवावा लागतो. त्याऐवजी जे दिसते ते सांगावे. "लाल गाडी मागे राहिली. आता ती वळली. अरे, ती पुस्तकाखाली शिरली." तो जे बोलेल ते थोडे वाढवून परत म्हणावे, तो जे करेल तसे आपल्या गाडीने करावे. प्रथम हे फार कृत्रिम वाटते. आठवडाभरात जिभेला सवय होते, आणि मूल काय करते आहे हे आपण खरोखर पाहू लागतो, कारण पाहिल्याशिवाय वर्णन करता येत नाही.

तुम्हाला गाड्यांचा कंटाळा येतो असे तुम्ही लिहिले आहे. माझा अनुभव असा की हा कंटाळा बहुधा खेळाचा नसतो. आपले अर्धे मन टेबलावर असते आणि अर्धे जमिनीवर, त्या ओढाताणीचा तो शीण असतो. लक्ष पूर्ण दिले की दहा मिनिटे जातात कशी ते कळत नाही. अर्थात काही खेळ काही मोठ्यांना कधीच आवडत नाहीत, आणि त्यात काही गैर नाही. तेव्हा आपणही एखादा खेळ सुचवावा, पण तो राखीव पाच मिनिटांच्या बाहेर.

आणखी एक. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी काही महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. आई प्रथम बाळाशी नेहमीसारखी हसतखेळत बोलते. मग दोन-तीन मिनिटे ती बाळासमोर तशीच बसते, पण चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि उत्तर मिळत नाही असे दिसले की अस्वस्थ होऊन तोंड फिरवते. आई पुन्हा बोलू लागली की बाळही हळूहळू परत येते, पण काही काळ रुसल्यासारखे राहते. तुमचा भाचा बाळ नाही आणि तुमचा चेहरा निर्विकार नसतो, म्हणून दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. पण टेबलावर ठेवलेली गाडी म्हणजे पुढे केलेला हातच आहे. तिला उत्तर म्हणून दर वेळी उठलेच पाहिजे असेही नाही. ती गाडी उचलून एकदा टेबलाच्या कडेपर्यंत चालवून त्याच्या हातात दिली आणि "घड्याळाचा मोठा काटा सहावर आला की मी जमिनीवर येते" असे सांगून ते पाळले, तरी त्याला उत्तर मिळते. "आलेच" या शब्दाची अडचण एवढीच की तो संपतो केव्हा हे मुलाला कळत नाही.

प्रतिसाद ३ : तीन मुलांचे वडील

वरच्या प्रतिसादाचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मुलांशी मोठ्यांनी खेळलेच पाहिजे, नाही तर त्यांचे काहीतरी हुकते, ही भावना आपण जरा जास्त ताणली आहे असे मला वाटते. १९८९च्या बालहक्क करारातील ३१वे कलम मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क देते. त्या कलमाचा अर्थ उलगडण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१३मध्ये जे विवेचन प्रसिद्ध केले, त्यात खेळ म्हणजे मुलांनी स्वतः सुरू केलेली, स्वतः चालवलेली आणि स्वतः रचलेली कृती, अशी व्याख्या आहे. आम्ही मोठे खेळात शिरलो की नकळत नियम लावतो, वेळ लावतो, त्यातून काहीतरी शिकवू पाहतो. माझी तिन्ही मुले आपापसांत जेव्हा खेळतात, तेव्हा मी खोलीत आलो की त्यांचे आवाज बदलतात. तो खेळ माझ्या येण्याने बिघडतो हे मला मान्य करावे लागते.

शिवाय मुलाला कंटाळा येऊ देणे हेही महत्त्वाचे आहे. प्रत्येक रिकाम्या क्षणी मोठे माणूस हजर झाले तर ते मूल स्वतःचा खेळ केव्हा शोधणार? ताईंचा भाचा गाडी ठेवून दुसरीकडे गेला, तेव्हा तो तिथे काय करत होता, हेही पाहावे. कदाचित चांगले चालले असेल.

प्रतिसाद ४ : पालकांसोबत काम करणारी एक शिक्षिका

तुमच्या म्हणण्यातला बराचसा भाग मला मान्य आहे, आणि म्हणूनच मी पाच मिनिटांवर भर दिला. उरलेला दिवस मुलांचाच असावा. मिल्ड्रेड पार्टेन या संशोधिकेने १९३२मध्ये मुलांच्या खेळाचे जे प्रकार नोंदवले, त्यात एकट्याने खेळणे आहे, शेजारी बसून आपापले खेळणे आहे आणि दुसऱ्यांचा खेळ नुसता पाहत राहणेही आहे. या सर्वांना जागा हवी. तुम्ही खोलीत आल्यावर आवाज बदलत असतील तर तुम्ही बाहेर थांबता हे योग्यच करता.

फरक एवढाच की मुलाने बोलावले नसताना आत शिरणे आणि त्याने बोलावल्यावर न जाणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धागाकर्तीचा भाचा बोलावत होता.

प्रतिसाद ५ : तीन मुलांचे वडील

हे मान्य.

प्रतिसाद ६ : एक मामा

मी महिन्यातून दोनदा बहिणीकडे जातो, त्यामुळे रोजची पाच मिनिटे मला शक्य नाहीत. माझा वाटा दंगामस्तीचा आहे, आणि त्याबद्दल दोन गोष्टी लिहाव्याशा वाटतात, कारण त्यातली एक मी चूक करून शिकलो.

भाची अडीच वर्षांची असताना मी तिचे दोन्ही हात धरून तिला गोल गोल फिरवत असे. ती खिदळत असे आणि "अजून, अजून" म्हणत असे. एकदा अशाच फेरीनंतर ती रडू लागली आणि तिने उजवा हात हलवणेच बंद केले. तो अंगाजवळ धरून ती बसून राहिली. सूज नव्हती, काही नव्हते. डॉक्टरांनी कोपरापाशी हात एका विशिष्ट तऱ्हेने वळवला आणि थोड्याच वेळात ती पुन्हा तो हात वापरू लागली. त्यांनी समजावून सांगितले ते असे : कोपराजवळ रेडियस नावाच्या हाडाच्या टोकाभोवती अस्थिबंधाचे एक कडे असते, पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ते सैल असते, आणि हाताला ओढ बसली की ते जागचे सरकते. हातांना धरून झुलवणे, एका हाताने उचलणे, घाईने मनगट धरून ओढणे, या तिन्ही गोष्टींनी ते होऊ शकते. उचलायचे आणि फिरवायचे असेल तर काखेत हात घालून, छातीला धरून. ही माहिती प्रत्येक मामा-काकांना आधीच असायला हवी, असे मला तेव्हापासून वाटते.

दंगामस्ती मात्र मी थांबवलेली नाही. उशांची लढाई, गालिच्यावरची कुस्ती, पाठीवर बसवून फिरवणे, हे मुलांना फार हवे असते आणि त्यात ती आपली ताकद किती आणि समोरच्याला कुठे दुखते हे शिकतात. आमचा एकच नियम आहे : "बस" हा शब्द कोणीही उच्चारला की त्या क्षणी सर्वांचे हात थांबतात. गुदगुल्यांच्या वेळी याची विशेष गरज असते, कारण गुदगुल्यांनी येणारे हसू म्हणजे होकार असतोच असे नाही. मला वेळीच हात थांबवण्याइतके भान आहे, हे तिला दहा वेळा दिसले की ती अकराव्या वेळी अधिक मोकळेपणाने अंगावर येते.

दुसरी गोष्ट हरण्या-जिंकण्याची. लहान मुलाला मुद्दाम जिंकू द्यावे का, यावर आमच्या घरात वाद होतो. माझे मत असे की लपूनछपून हरू नये. सहा-सात वर्षांच्या मुलाला ते कळते आणि त्याचा अपमान होतो. आपल्या खेळांत यावर फार सुंदर उपाय आधीपासून आहे, तो म्हणजे कच्चा लिंबू. लहानग्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, पण तो खेळात असतो, आणि हे सर्वांना आधीच जाहीर असते. सवलत द्यायची ती अशी उघड द्यावी. बुद्धिबळ खेळताना मी माझा वजीर आधीच काढून ठेवतो आणि मग पूर्ण ताकदीने खेळतो. परवा पुतण्या म्हणाला, "आज वजीर घेऊन खेळ, काका." तो हरला आणि पुन्हा डाव मांडू लागला.

प्रतिसाद ७ : दूर राहणारी एक काकू

मी पुतणीपासून इतकी दूर आहे की तिची सकाळ म्हणजे माझी रात्र. ती आता दोन वर्षांची होईल. तिच्या जन्मानंतर मी तिला दोनदाच प्रत्यक्ष पाहिले आहे, म्हणून आमचे खेळणे व्हिडिओ कॉलवरच होते.

प्रथम मला यात अपराधी वाटत असे, कारण लहान मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे असे सगळीकडे वाचायला मिळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत एक वर्षाच्या मुलांना पडद्यासमोर बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा असावी, असे म्हटले आहे. पण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांसाठी पडदा टाळावा असे सांगताना व्हिडिओ कॉलचा स्पष्ट अपवाद केला होता, आणि तो वाचून मला बरे वाटले. पडद्यापलीकडे तिला उत्तर देणारे माणूस आहे, हा फरक मोठा आहे.

काय चालते आणि काय नाही, हे चुकत चुकत कळले. "काकूला नमस्कार कर, गाणे म्हणून दाखव" हे चालत नाही. ती पळून जाते आणि मोठ्यांना वाईट वाटते. चालते ते असे : माझ्या जाऊबाई फोन जमिनीवर टेकवून ठेवतात आणि मी काहीच मागत नाही. मी माझ्याकडे ठोकळे रचते, ती तिच्याकडे रचते. माझा मनोरा पडला की ती वळून पाहते. कधी मी ओढणी तोंडावर घेते आणि बाजूला करते, आणि ती तिच्या हातातला रुमाल तसाच करते. सात-आठ मिनिटांत ती उठून गेली की मी हाक मारत नाही. बरेचदा ती एखादी वस्तू घेऊन परत येते आणि कॅमेऱ्याला इतकी चिकटवते की मला अंधाराशिवाय काही दिसत नाही. ती वस्तू काय आहे, हे ओळखणे हाच आमचा सध्याचा सर्वांत आवडता खेळ आहे.

प्रतिसाद ८ : एक आजी

लपंडावाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. माझा नातू तीन वर्षांचा असताना दर वेळी पडद्यामागेच लपायचा, पाय बाहेर दिसायचे, आणि "नातू कुठे आहे बरे?" असे मी म्हटले की तो आतून ओरडून सांगायचा, "इथे!" माझ्या मुलाला वाटे की त्याला खेळ समजत नाही आणि तो त्याला नीट लपायला शिकवू लागे. मला ते पटत नव्हते, पण का पटत नाही हे सांगता येत नव्हते.

पुढे वाचनात आले की दुसऱ्याच्या मनातली माहिती आपल्या मनातल्या माहितीपेक्षा वेगळी असू शकते, ही समज मुलांना बहुधा चौथ्या वर्षाच्या सुमारास येऊ लागते. विमर आणि पेर्नर या दोन संशोधकांनी १९८३मध्ये यावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. गोष्टीतला मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. मग तो परत आल्यावर कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले नव्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना स्वतःला ठाऊक असते. अशा वयाच्या मुलासाठी लपंडाव म्हणजे हरवण्याची स्पर्धा नव्हेच. त्याच्यासाठी त्यातली गोडी एकच, की कोणीतरी आपल्याला शोधते आहे आणि आपण सापडणार आहोत. म्हणून तो त्याच जागी लपतो. मी आधी पलंगाखाली पाहायची, मग दाराआड, मग उगाच पुस्तकांच्या फटीत, आणि शेवटी पडदा बाजूला करायची. शंभर वेळा तरी केले असेल. आता तो सात वर्षांचा आहे आणि इतका चांगला लपतो की परवा मला खरोखरच सापडला नाही. मला त्याचा अभिमान वाटला, आणि त्या पडद्याबाहेरच्या पायांची आठवणही झाली.

तेव्हा त्याच त्याच खेळाचा कंटाळा येतो, असे ज्यांना वाटते त्यांना मी एवढेच सुचवेन, की शोधण्यात थोडा बदल आपण करावा. लपण्याची जागा त्याला हवी तीच राहू द्यावी.

प्रतिसाद ९ : एक मोठी ताई

मी बावीस वर्षांची आहे आणि माझा धाकटा भाऊ चौदा. वरचे सर्व वाचताना जाणवले की इथे सगळे लहान मुलांविषयी बोलत आहेत, आणि चौदा वर्षांच्या मुलाला खेळ हवा असतो हे कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला "चल, खेळू या" म्हटले तर तो नाही म्हणतो. पण तो व्हिडिओ गेम खेळत असताना मी शेजारी जाऊन बसले आणि "मला एक फेरी शिकव" म्हटले, तर तो शिकवतो. मी फार वाईट खेळते. तो मला ओरडत नाही, उलट धीर देतो, आणि या खेळात तो माझ्यापेक्षा मोठा असतो. दोघांची नजर पडद्यावर असल्यामुळे तो अशा गोष्टी बोलून जातो, ज्या समोरासमोर बसून तो कधीही बोलला नसता. अट एकच, की त्या वेळी बोललेले मी नंतर आई-बाबांसमोर काढत नाही.

प्रतिसाद १० : धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काही प्रतिसाद मी तीन-तीनदा वाचले. अकरा दिवस झाले आहेत, म्हणून काय केले ते लिहिते.

मी वेळ ठरवून घेतली. साडेचारला संगणकाचा पडदा मिटते, फोन दुसऱ्या खोलीत ठेवते आणि जमिनीवर बसते. पाच मिनिटे म्हणून बसते, बहुतेक वेळा पंधरा होतात. पहिले दोन दिवस भाचा आला नाही. मी त्याला बोलावले नाही. एक गाडी घेतली आणि माझ्या गुडघ्यावरून चालवत राहिले. तिसऱ्या दिवशी तो येऊन शेजारी बसला आणि म्हणाला, "तशी नाही चालवायची, ती अँब्युलन्स आहे." पाचव्या दिवशी काम अडले आणि मला जमले नाही. त्या दिवशी मात्र "आलेच" म्हटले नाही. "आज जमत नाही, उद्या साडेचारला" असे त्याच्या जवळ जाऊन सांगितले. तो हिरमुसला. आधी त्याच्या बोलण्यात नसलेला रुसवा या वेळी दिसला तेव्हा मला उलट बरे वाटले, कारण रुसण्याइतका भरवसा परत आला होता.

प्रश्न न विचारणे फार कठीण गेले. एका दिवशी मी मोजले तर चार मिनिटांत नऊ प्रश्न विचारले होते. आता कमी झाले आहेत.

आठव्या दिवसाचा प्रसंग सांगायलाच हवा. त्या दिवशी त्याने खेळ ठरवला : तो मोठा आणि मी लहान. तो माझ्या खुर्चीवर बसला, एक पुठ्ठा उघडून त्याच्यावर बोटे आपटू लागला, आणि मी गाडी घेऊन त्याच्याकडे जायचे होते. मी गेले. तो मान वर न करता म्हणाला, "थांब, आलोच." मी थांबले. त्याने बराच वेळ बोटे आपटली, कोणाशी तरी फोनवर बोलला, भिंतीकडे पाहून "हो, हो, पाठवतो" म्हणाला. मी गाडी हातात धरून उभी होते. माझ्या आवाजाची लकब, भुवया आकसणे, सगळे हुबेहूब होते, आणि त्यात वाईट हेतू कणभरही नव्हता. मला मध्येच त्याला जवळ घेऊन क्षमा मागावीशी वाटली, पण खेळ त्याचा होता, म्हणून मी लहान मुलासारखी उभी राहिले. शेवटी त्याने पुठ्ठा मिटला, खुर्चीवरून उतरला आणि म्हणाला, "झालं माझं काम. कुठे चालवायची आहे तुला?"

हाच खेळ त्याने नंतर दोनदा मांडला. दुसऱ्या वेळी त्याचे काम लवकर संपले.

एक अडचण मात्र आहे. आम्ही दोघे जमिनीवर बसलो की दहा वर्षांची भाची दारात उभी राहून पाहते. बोलावले तर "हे लहान मुलांचं आहे" म्हणते, पण जातही नाही.

प्रतिसाद ११ : पालकांसोबत काम करणारी एक शिक्षिका

तिला जमिनीवर बोलावू नका. त्या पुठ्ठ्याचे पुढे काय करायचे, हे तिला विचारा. ती तेच कापायला तुमच्याकडे आली होती. आणि तिची वेळ निराळी ठेवा, शक्यतो भाचा झोपल्यानंतरची.

प्रतिसाद १२ : धागाकर्ती

आज रात्री विचारते. पुठ्ठा अजून कपाटामागे तसाच आहे.